फुकटच्या प्रवासाचा हिशेब

मुकुंदवाडीच्या छोट्या रेल्वे स्थानकावर सायंकाळी गाडीची वाट पाहत उभे राहिले की प्रवासाची दोन जगे एकाच वेळी डोळ्यांपुढे येतात. समोर मनमाडहून जालन्याकडे जाणारे रूळ. आणि पूर्वेला चिकलठाण्याच्या धावपट्टीकडे झेपावणारे विमान. यातले रूळ जुने. निजामी राजवटीत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाने हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि तो रुंद व्हावा म्हणून मराठवाड्याला थेट १९९० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली, त्यासाठी चळवळ करावी लागली. विमान त्या मानाने नवे. आणि आजवर ते मुकुंदवाडीच्या बहुसंख्य रहिवाशांनी खालूनच पाहिले आहे.

आता मात्र या खालून पाहणाऱ्यांनाही एक निमंत्रण मिळू लागले आहे. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथून दूरध्वनी येतो. जालना रस्त्यावरील मोठ्या दुकानात एखादा टापटीप पोशाखातील तरुण टेबल मांडून बसलेला असतो. "सर, कार्ड घ्या. नेहमीचाच खर्च करायचा. पॉइंट साठतील आणि विमानाचे तिकीट फुकट मिळेल." शाळेत शिकवणारा शिक्षक, जिल्हा परिषदेतील लिपिक, नुकताच नोकरीला लागलेला पदवीधर यांना हे ऐकून मोह पडला तर त्यात नवल नाही. ज्याने आयुष्यभर रजा प्रवास सवलतीचे अर्ज तीन प्रतींत भरले, त्याला कोणी अर्जाविना प्रवास देऊ करीत असेल तर तो निदान ऐकून घेणारच.

प्रश्न असा की, हा प्रवास खरोखर फुकट आहे काय? नसेल, तर त्याची किंमत किती आणि ती कोण मोजतो? आणि ज्याच्या हाती कार्ड आलेच आहे, त्याने आपल्या पॉइंटचे अधिकाधिक मोल पदरात कसे पाडून घ्यावे? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत नसतात. ती वहीपेन घेऊन आपणच काढावी लागतात.

कुपनांची जुनी सवय

पॉइंट ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. चहाच्या पुड्यातील कुपने साठवून एखादे स्टीलचे भांडे मिळवण्याचा उद्योग आपल्या घरांतून झालेलाच आहे. अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीने दुकानदारांना विकलेली हिरवी तिकिटे गिऱ्हाइकांना खरेदीच्या प्रमाणात मिळत. ती वहीत चिकटवून वही भरली की वस्तू घ्यायची. पुढे १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले, १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैलांची योजना काढली, आणि काही वर्षांतच या दोन प्रवाहांचा संगम झाला. विमानात न बसताही, केवळ कार्डावर किराणा घेऊन मैल साठवता येऊ लागले.

आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले तेव्हा ते मोजक्या मंडळींच्या खिशात होते. २०२४ च्या आरंभी देशातील चालू क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. म्हणजे जी गोष्ट एके काळी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात पाहावयास मिळे, ती आज मुकुंदवाडीच्या औषधांच्या दुकानातही दिसते. संख्या वाढली, परंतु या व्यवहाराचे अंकगणित मात्र तितक्या घरांत पोहोचले नाही.

एका पॉइंटची किंमत

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. बँक "पाच हजार पॉइंट भेट" असे मोठ्या अक्षरांत छापते. एका पॉइंटला किती पैसे, हे लहान अक्षरांत असते, आणि ते प्रत्येक वापरागणिक वेगळे असते. एकच पॉइंट वस्तूंच्या यादीतून मिक्सर घेताना पंचवीस पैशांचा ठरतो, तर त्याच कार्डावर तिकिटासाठी वापरताना पन्नास पैशांचा किंवा रुपयाचाही होऊ शकतो. म्हणून पॉइंट किती साठले यापेक्षा ते कुठे मोडले, हे अधिक महत्त्वाचे. धान्य पिकवणारा शेतकरी जसा बाजारभाव पाहून माल काढतो, तसेच हे आहे.

भाव काढण्याची रीत सोपी आहे. तिकिटाची रोख किंमत घ्यावी. पॉइंट वापरूनही जे कर व शुल्क रोखीने भरावे लागतात ते त्यातून वजा करावेत. उरलेल्या रकमेला लागलेल्या पॉइंटनी भागावे. समजा, एका विमान तिकिटाचा रोख दर ६,००० रुपये आहे आणि तेच ८,००० पॉइंट व १,२०० रुपये भरून मिळते. सहा हजारांतून बाराशे गेले, उरले ४,८००. भागिले आठ हजार. म्हणजे पॉइंटला साठ पैसे. हेच पॉइंट पंचवीस पैशांच्या दराने वस्तूंत घालवले असते तर दोन हजारांची वस्तू मिळाली असती. येथे तिकीट घेणे शहाणपणाचे.

परंतु तेच तिकीट आडदिवशी ३,६०० रुपयांना मिळत असेल आणि पॉइंट मात्र आठ हजारच लागत असतील, तर भाव तीस पैशांवर येतो. त्या वेळी पैसे मोजून तिकीट घ्यावे आणि पॉइंट दिवाळीसाठी राखून ठेवावेत. कारण सुटीच्या दिवसांत रोख भाडे भडकते आणि पॉइंटचे मोल आपोआप वर जाते. यात एक अडचण अशी की, ज्या योजनांत पॉइंटवरच्या जागा मोजक्या असतात तिथे नेमक्या सणासुदीला त्या नसतात. म्हणूनच आगाऊ आखणी करणाऱ्यालाच या खेळात काही लाभते. शाळेच्या सुट्यांचे वेळापत्रक वर्षारंभी हाती येते. शिक्षकाला ही एक सोय आहे खरी.

आता दुसरा हिशेब करू. हा हिशेब जाहिरातदार कधीच करीत नाही. वरील तिकीट सहा हजारांचे आहे म्हणून आपले सहा हजार वाचले असे आपण म्हणतो. परंतु पॉइंट नसते तर आपण विमानाने गेलो असतो काय? येथून मुंबई रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. समजा, रेल्वेच्या तिकिटाला आपण सातशे रुपये मोजले असते. मग "फुकट" विमानासाठी भरलेले बाराशे रुपयांचे कर हेच रेल्वेभाड्यापेक्षा पाचशेने अधिक झाले! आठ हजार पॉइंट दिले, वर पाचशे रुपये जादा दिले, आणि मिळवला तो वेळ व आराम. आजारी आई-वडिलांना न्यायचे असेल तर हा सौदा जरूर करावा. त्याला बचत मात्र म्हणू नये. न केलेल्या खर्चात मिळालेली सूट ही बचत नसते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आपण ते विसरलो आहोत.

भोक पडलेला घडा

आता साठवणुकीकडे वळू. एखादा लिपिक महिन्याला २०,००० रुपयांचा घरखर्च कार्डावर करतो आणि शंभर रुपयांना एक पॉइंट मिळतो असे धरू. वर्षाचा खर्च दोन लाख चाळीस हजार, पॉइंट २,४००. पंचवीस पैशांच्या दराने त्यांची किंमत ६०० रुपये. कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर मिळून ५९०. वर्षभर पावत्या सांभाळून हाती उरले दहा रुपये! हेच पॉइंट प्रवासात रुपयाला एक या दराने वापरले तर उरतील १,८१०. म्हणजे एकच कार्ड, एकच खर्च. परंतु एकाला दहा रुपये आणि दुसऱ्याला अठराशे दहा. चांगला मोबदला मिळवणे म्हणजे काय, ते या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

परंतु हा अठराशे दहाचा घडा भरलेला राहतो तो एकाच अटीवर. दर महिन्याचे बिल मुदतीत आणि पूर्ण भरले पाहिजे. एक महिना चूक झाली तर काय होते ते पाहा. साडेतीन टक्के मासिक, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, हा अनेक कार्डांवरील सर्रास दर आहे. वीस हजारांवर महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर कर १२६, एकूण ८२६. विलंब शुल्क साडेसातशे धरले तर करासह ८८५. दोन्ही मिळून १,७११ रुपये. वर्षाच्या कमाईतून उरले नव्व्याण्णव! आणि थकबाकी राहिल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते, नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच निघेल.

बिलावर "किमान देय रक्कम" या नावाचा जो रकाना असतो, तो तर पगारदार माणसाचा खरा शत्रू. वीस हजारांच्या बिलावर पाच टक्के, म्हणजे एक हजार भरून माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याला व्याज व कर मिळून सुमारे ७८५ रुपये चढतात. पुढच्या महिन्याच्या हजारातले जवळजवळ आठशे असे केवळ व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम दोनशेने हलते. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून दहा-बारा टक्क्यांनी कर्ज मिळत असताना बेचाळीस टक्क्यांचे कर्ज विमानप्रवासाच्या आशेने अंगावर वागवणे याला काय म्हणावे? ज्याची थकबाकी राहते त्याने पॉइंटचा विचारच करू नये. त्याने प्रथम पतसंस्थेचे दार ठोठावून कार्ड कोरे करावे.

या व्याजाला कायद्याची मर्यादा आहे, असा एक समज मध्यंतरी होता आणि तो निराधारही नव्हता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये थकबाकीवर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजाचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, अशी त्यामागची भूमिका. तात्पर्य, या बाबतीत ग्राहकाचा पहिला रक्षक तो स्वतःच.

विमान गेले, पॉइंट उरले

पॉइंटचा आणखी एक दोष असा की ते दुसऱ्याच्या हातातले चलन आहे. रुपयाचे मोल घटते ते हळूहळू. पॉइंटचे मोल एका परिपत्रकाने एका रात्रीत निम्मे होऊ शकते. बहुसंख्य योजनांत दोन-तीन वर्षांनी ते बाद होतात. इंधन, घरभाडे, विमा, सरकारी भरणा यांवर ते मिळत नाहीत किंवा नाममात्र मिळतात. विमानतळावरील विश्रामकक्षाची सोय आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला तरच, अशा अटी मागाहून जोडल्या जातात.

याचा धडा चिकलठाण्याने जवळून पाहिला आहे. जेट एअरवेज ही कंपनी वर्षानुवर्षे येथून मुंबईकडे उड्डाणे करीत असे. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची सेवा थांबली. तिच्या प्रवाशांनी साठवलेले मैल ज्या स्वतंत्र कंपनीकडे होते ती बुडाली नाही. त्याच वर्षी तिने "इंटरमाइल्स" असे नवे नाव घेतले आणि मैल खात्यावर कायम राहिले. पण ज्या विमानासाठी ते साठवले होते, ते विमानच उरले नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त प्राध्यापकांनी कन्याकुमारीच्या सहलीसाठी जपून ठेवलेले मैल अखेर घरगुती वस्तूंत खर्च केले. त्यांच्या पत्नी त्या इस्त्रीला अजून "कन्याकुमारी" म्हणतात! पुढे विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. एवढ्या थोड्या काळात दोन नावे गेली. जे वीस वर्षांनी वापरू म्हणून साठवावे, असे हे धन नव्हे.

म्हणून जाणकारांचा नियम असा: पॉइंट मिळवावेत आणि वर्ष-दोन वर्षांत खर्चून टाकावेत. बँकेच्या खात्यातून ते विमान कंपनीच्या खात्यात घाईने हलवू नयेत. कारण एकदा हलवले की ते सहसा परत येत नाहीत आणि नंतर जागा न मिळाल्यास अडकून पडतात. आधी जागा शोधावी, मग पॉइंट हलवावेत.

हे पैसे देतो कोण?

येथवर व्यक्तीच्या शहाणपणाचा विचार झाला. परंतु यापुढचा प्रश्न सार्वजनिक आहे. बँक जे पॉइंट देते ते काही आपल्या पदरचे देत नाही. मग ते येतात कुठून?

त्याचे दोन मुख्य झरे आहेत. पहिला, थकबाकीदारांकडून येणारे व्याज व विलंब शुल्क. म्हणजे एका शिक्षकाचे विमान तिकीट हे काही अंशी दुसऱ्या शिक्षकाच्या अडचणीतून निघालेले असते. दुसरा झरा दुकानदाराच्या गल्ल्यातून वाहतो. कार्डावर शंभर रुपयांची विक्री झाली की त्यातले साधारण दीड ते अडीच रुपये बँका व कार्डाचे जाळे चालवणाऱ्या कंपन्या यांच्याकडे जातात. दुकानदार हा भार आपल्या किमतींत मिसळतो. आणि ती वाढीव किंमत कार्ड दाखवणाराही देतो, तसेच कनवटीची नोट काढणारी मोलकरीणही देते. पहिल्याला त्यातले थोडे पॉइंटरूपाने परत मिळते. दुसरीला काहीच नाही.

ही केवळ भावनेची भाषा नव्हे. अमेरिकेतील बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये तेथील आकडेवारीवरून असा अंदाज मांडला की, रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब या मार्गाने वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळवते. आपल्याकडील चित्र अगदी तसेच नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क द्यावे लागत नाही, आणि भाजीवाल्याच्या गाडीवरही जो चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकतो त्यामुळे हा अन्याय आपल्याकडे पुष्कळ सौम्य झाला आहे. परंतु तो नाहीसा झालेला नाही.

काही दुकानदार यावर स्वतःचा तोडगा काढतात. "कार्डाने देत असाल तर दोन टक्के जादा," असे ते स्पष्ट सांगतात. अशा वेळी दहा हजारांच्या खरेदीवर दोनशे रुपये जादा मोजून शंभर पॉइंट मिळवणारे महाभाग पाहिले की हसावे की रडावे ते कळत नाही. शंभर पॉइंटचे मोल उत्तमात उत्तम शंभर रुपये. त्यासाठी दोनशे दिले! तेथे नोटा किंवा यूपीआय हाच उत्तम मार्ग.

हक्काची सवलत आणि खर्चाची सवलत

आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर बाब आणखी वेगळी आहे. प्रवासातील सवलत ही आपल्या देशात परंपरेने एक सामाजिक गोष्ट होती. वृद्ध आहे म्हणून, विद्यार्थी आहे म्हणून, रुग्ण आहे म्हणून ती मिळे. तिच्यासाठी खर्च करावा लागत नसे. रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के सूट होती. महामारीचे निमित्त होऊन २० मार्च २०२० पासून ती थांबवण्यात आली. त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी ती पूर्ववत झाली नाही. आणि त्याच वर्षाच्या जुलैत रेल्वेच्या तिकीट महामंडळाने स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीसह नवे कार्ड आणले. वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत मूल्य पॉइंटरूपाने परत, हे त्याचे जाहीर आकर्षण होते. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही शेजारी ठेवल्या की दिशा कळते. साध्या शयनयानातील म्हातारीची सूट गेली. वातानुकूलित डब्यातील कार्डधारकाला नवी सूट आली.

याउलट राज्य परिवहन महामंडळाकडे पाहावे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. तिथे पॉइंट नाहीत, वार्षिक शुल्क नाही, लहान अक्षरांतील अटी नाहीत. १९८८ पासून चालत आलेली "आवडेल तेथे कोठेही प्रवास" ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजना तर शिक्षकाच्या सुटीसाठीच घडवल्यासारखी आहे. एका पासावर वेरूळ-अजिंठ्यापासून कोकणपट्टीपर्यंत हिंडून येणाऱ्या कुटुंबाने पैशाचा जो मोबदला मिळवला, तो मिळवायला कार्डावर कित्येक लाखांचा खर्च करावा लागेल. महामंडळाच्या गाड्यांची अवस्था, त्यांची अनियमितता यांवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य. आणि या सवलतींचा भार शेवटी सरकारी तिजोरीवरच पडतो, हेही खरे. परंतु तो भार उघड असतो आणि विधिमंडळात त्यावर चर्चा होऊ शकते. पॉइंटचा भार किराण्याच्या किमतीत लपलेला असतो. त्यावर कोणी प्रश्न विचारीत नाही.

मग काय करावे?

कार्ड घेऊच नये, असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याचा हिशेब चोख आहे, त्याने जरूर घ्यावे. पण एकच घ्यावे आणि आपल्या प्रवासाला साजेसे घ्यावे. जो वर्षातून चारदा रेल्वेने गावी जातो त्याला विमानाचे मैल कशाला? बिल पूर्ण रकमेने आपोआप भरले जाईल अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. कार्डावर रोख रक्कम कधीही काढू नये. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते. पॉइंटसाठी म्हणून एक रुपयाचीही जादा खरेदी करू नये. विद्यार्थ्यांनी तर अधिकच जपून असावे. वडिलांच्या कार्डाला जोडलेले पूरक कार्ड वापरले तरी देणे वडिलांच्याच माथी येते. आणि मुदत ठेवीच्या तारणावर घेतलेले छोट्या मर्यादेचे कार्ड चुकले, तर त्याची नोंद पतमूल्यांकनात राहून पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते.

नको असलेले कार्ड बंद करणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास अर्ज केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. मात्र बंद करण्यापूर्वी साठलेले पॉइंट वापरून घ्यावेत. बँकेने तक्रारीची तीस दिवसांत दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

परंतु ग्राहकाच्या सावधगिरीवर सारी भिस्त ठेवून चालणार नाही. आमची मागणी साधी आहे. ज्या अक्षरांत बँक पॉइंटची संख्या छापते, त्याच अक्षरांत त्यांची रुपयांतील किंमत आणि बाद होण्याची तारीख दर महिन्याच्या बिलावर छापावी. शुल्कात बदल करण्यापूर्वी किमान एक महिना सूचना द्यावी, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहेच. तोच न्याय पॉइंटचे मोल घटवतानाही स्पष्ट शब्दांत लागू करावा. आणि रेल्वेने ज्येष्ठांची सवलत, निदान साध्या वर्गांपुरती तरी, पुन्हा सुरू करावी. या तीन गोष्टींना फार मोठा खर्च नाही. इच्छा मात्र हवी.

शेवटी पुन्हा मुकुंदवाडीच्या स्थानकाकडे येऊ. २०१९ मध्ये, पाऊस लांबलेल्या त्या वर्षी, येथील वस्तीतील शाळकरी मुले रिकामी भांडी घेऊन गाडीत चढत, औरंगाबादच्या स्थानकावर उतरत आणि तेथील नळावरून पाणी भरून परत येत. त्यांची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत छापली गेली. हाही प्रवासच होता. त्या मुलांनी कापलेल्या किलोमीटरांचे पॉइंट कोणी मोजले नाहीत. आणि त्यांच्या आया ज्या दुकानातून पाव किलो साखर रोखीने घेत होत्या, त्या दुकानाच्या किमतींत मात्र दुसऱ्या कोणाच्या विमानप्रवासाचे दोन पैसे मिसळलेले असू शकत होते. आपण पॉइंट जरूर वापरावेत आणि त्यांचे पुरेपूर मोल घ्यावे. फक्त तिकिटावर शून्य रुपये छापलेले दिसले की ते शून्य आपल्यापुरतेच आहे, एवढे भान असू द्यावे.